दोन कॉम्प्युटर, एक बाई

काल दवाखान्यात एका आजोबांनी काठीने काउंटरची काच फोडली. आत त्यांची बायको बेशुद्ध होती. मागे कुठल्याशा इंजेक्शनने ती मरता मरता वाचली होती. त्याचं नाव आजोबांना आठवेना, आणि ते ज्या हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरात होतं, तो इथल्या कॉम्प्युटरशी बोलेना.

"आजोबा, त्यांची सिस्टिम वेगळी आहे हो," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"पण बाई एकच आहे ना!" म्हणत त्यांनी दुसरा तडाखा हाणला. मनगटातून रक्त ठिबकत होतं.

मला माझाच तरुणपणीचा तोरा आठवला. मी याच दवाखान्यात नोंदी सांभाळायची तेव्हा न चालणारं औषध कार्डावर लाल शाईने आडवं लिहीत, आणि कार्ड पेशंटबरोबर कुठल्याही दवाखान्यात जाई. कॉम्प्युटर आला त्या दिवशी मी शहाणीने पदर खोचून ती कार्डं हिसकावली आणि टराटरा फाडली. एक मावशी आपलं कार्ड सोडेनात, तर त्यांना ऐकवलं, "अहो, आता बटण दाबलं की अख्खा माणूस समोर!" अख्खा कुठला? त्याचे तुकडे करून आम्ही वेगवेगळ्या कुलपांत कोंडले होते.

शेवटी मीच त्या हॉस्पिटलला फोन लावला. तिथल्या बाईने इंजेक्शनचं नाव वाचलं, तशी मी दारातूनच ते नाव घेत किंचाळले. डॉक्टरांनी हातातली भरलेली सुई बादलीत आपटली.