तीन औषधे आणि एक खाडी

मुलाच्या आजारपणात सगळे घर एक होते, असे म्हणतात. आमचेही झाले. प्रत्येकजण आपापले औषध घेऊन आला.

मुलगी दोन वर्षांची होती. ताप चढल्यावर मी रिकामी बाटली घेऊन तरीने खाडीपलीकडच्या डॉक्टरांकडे गेलो आणि गुलाबी मिक्श्चर आणले. आईचा विश्वास वाण्याकडच्या डोकेदुखीच्या पुडीवर. तिने अर्धी पुडी मधात चाटवली. मुंबईहून सुटीवर आलेल्या दादाने पांढऱ्या गोळ्या काढल्या. "आमच्या गिरणीत सगळे हीच घेतात," तो म्हणाला. गिरणीत दोन वर्षांचे कोणी कामाला नव्हते, हे मला तेव्हा सुचले नाही. उलट तीन औषधे म्हणजे तापावर तीन बाजूंनी हल्ला, असा हिशेब मीच मांडला. गावात शिकलेला मी एकटा होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरला. पण पोर घामाने निथळत होती, धापा टाकत होती आणि हाक मारली तरी डोळे उघडत नव्हती.

"अहो, ही अशी का करते?" बायकोने विचारले. मी पोरीला उचलले आणि धक्क्यावर धावलो. ओहोटी होती. होडी चिखलात बसलेली.

"चल ना बाबा," मी तरवाल्याला म्हणालो.

"मास्तर, पानीच न्हाय. चिखलात वल्ही मारू काय?"

भरती आपल्या वेळेला आली. तोवर मी तिचे श्वास मोजत बसलो. दुसरे काही करता येण्याजोगे नव्हते.

तिन्ही औषधे मी सोबत नेली होती, काहीशा अभिमानानेच. डॉक्टरांनी ती टेबलावर ओळीने मांडली.

"मास्तर, एकच औषध तुम्ही तीन रंगांत दिलंत. आता काही देऊ नका. फक्त पाणी पाजा, थोडं थोडं, सारखं."

रात्र पडेपर्यंत त्यांनी तिला समोरच्या बाकावर ठेवून घेतले. अखेर तिने डोळे उघडले आणि मला ओळखून रडू लागली. इतके गोड रडणे मी पुन्हा ऐकले नाही.

निघताना कंपाउंडरने माझ्या बाटलीत साखर-मिठाचे पाणी भरले आणि सवयीने बाटलीवर डोसांची कागदी पट्टी चिकटवली.

पट्टीवर आठ खुणा होत्या. आईने एकही डोस चुकवला नाही. दर वेळी बाटली नीट हलवून घेतली.