रक्त देणाऱ्यांचे चेहरे

माझा धंदा तसबिरींचा. खामगावच्या बाजारात तीस वर्षांपासून मी फ्रेमा करून देतो. देवांच्या करतो, लग्नाच्या करतो, पण खरं पोट चालतं ते गेलेल्या माणसांवर. घरात कुणी गेलं की तेरवीच्या आत लोक फोटो घेऊन येतात. कधी आधार कार्डावरचा, कधी कुणाच्या लग्नातल्या घोळक्यातून कापून काढलेला. मी तो मोठा करून आणतो, काच बसवतो, कपाळाच्या जागी काचेवर लाल टिकली लावतो आणि चंदनाच्या सालींचा हार घालूनच हातात देतो. हार कुणाला मागावा लागत नाही. इतकी वर्षं हे करताना मी कुणाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलंच नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. तेही एका सतरा वर्षांच्या पोरीमुळे.

तिचे अब्बा आमच्या मागच्या गल्लीत गाद्या-रजया भरून देतात. ती तेव्हा अकरावी संपवून बारावीत चाललेली. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी ती ड्रॉइंगच्या कागदांची गुंडाळी घेऊन दुकानात आली. पेन्सिलीने काढलेले सात-आठ चेहरे होते. एक रिक्षावाला, एक शिक्षक वाटणारा माणूस, एक कॉलेजातली मुलगी. सगळ्यांचं डोकं उशीवर टेकलेलं.

"हे सगळे झोपलेले काऊन हायेत व?" मी विचारलं.

"रक्त देऊन राह्यले काका," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. तिच्या शेजारच्या घरात एक सहा वर्षांचं पोरगं आहे. त्याच्या अंगात रक्त टिकत नाही. जन्मापासूनचा आजार. दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढवावं लागतं. त्याचे पैसे पडत नाहीत, पण दवाखान्याच्या रक्तपेढीत रक्त असायला तर हवं. उन्हाळा आला की कॉलेजं बंद होतात, शिबिरं थांबतात आणि पेढीतलं कपाट रिकामं होतं. हिला रक्त द्यायचं होतं, पण अठरा पूर्ण झाल्याशिवाय घेत नाहीत. म्हणून तिने गल्लीत, कॉलेजात, बाजारात सांगायला सुरुवात केली होती: जो रक्त देईल त्याचं चित्र मी काढून देईन.

"आन् फ्रेम?"

"फ्रेम तुमी द्यान म्हटलं."

"म्हणजे रक्त लोकाचं, चित्र तुहं आन् लाकूड माहं!"

"हाव," ती म्हणाली. लाजबीज काही नाही. मी उरलेल्या पट्ट्यांच्या फ्रेमा करून द्यायचं कबूल केलं, आणि लगेच दोनदा सांगूनही टाकलं की माझ्याकडून रक्ताचं नाव काढायचं नाही, मला सुईची भीती वाटते. खोटं कशाला बोलू? शुगरचं निमित्त सांगता आलं असतं, पण मला शुगर नाही.

पुढच्या वेळी फ्रेमा घेऊन मीच दवाखान्यात गेलो. पाहावं तरी काय चालतं. त्या दिवशी जिनिंगमधला एक हमाल आला होता. कापसाच्या गाठी पाठीवर घेणारा गडी, मनगट माझ्या पोटरीएवढं, आणि पलंगावर आडवा होताच लटलट कापत होता. ही त्याच्या उशाशी स्टूल घेऊन बसली. "भाऊ, सुईकडे नाई, माह्याकडे पाहा. मान अशीच राहू द्या," म्हणाली आणि त्याच्याकडे पाहायला लागली.

ते पाहणं मी कसं सांगू? आपण माणसाकडे पाहतो ते ओळख पटेपर्यंत. ही पाहतच राहिली. कपाळ, भुवया, नाकाजवळची जुनी जखम, ओठ. त्या गड्याचं कापणं कधी थांबलं ते त्यालाही कळलं नसावं. दहा मिनिटांत इकडे पिशवी भरली आणि तिकडे कागदावर त्याचा चेहरा भरला. तो उठून बसला, चित्र हातात घेतलं आणि कागदावरच्या जखमेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मी असा हावो?" ती म्हणाली, "असेच हाये तुमी." तीस वर्षं चेहऱ्यांचा धंदा करून मला जे जमलं नव्हतं, ते ही पोर गुडघ्यावर पाटी ठेवून करत होती.

असं वर्षभर चाललं. चित्रं माझ्याकडे यायची, मी फ्रेम करायचो, माणसं येऊन घेऊन जायची. आणि मग यंदाच्या उन्हाळ्यात मी माती खाल्ली.

वडनेर भोलजीचा एक शेतकरी नातेवाइकाला भेटायला दवाखान्यात आला होता. हिचं ऐकून त्याने तिथल्या तिथे रक्त दिलं आणि भावकीतल्या पाच जणांना पुढच्या मंगळवारी घेऊन येतो, असा शब्दही दिला. त्या पाच जणांची फार गरज होती. शेतकऱ्याचं रक्त दुसऱ्या गटाचं निघालं, पेढीत पोराच्या गटाची एकही पिशवी उरली नव्हती आणि मंगळवारपर्यंत त्याची पाळी चार दिवस टळणार होती. मी पोराला तिच्या दारात पाहिलं होतं. ओठ पांढरे पडलेले. दोन पायऱ्या चढला की बसायचा. बोललेलं ऐकायचा, पण उत्तर द्यायचा कंटाळा करायचा.

सोमवारी शेतकरी आपली फ्रेम न्यायला आला. त्या दिवशी दुकानात तीन तेरव्यांचं काम होतं. मी फोनवर कुणाशी तरी भांडत होतो, आणि भांडता भांडता चौथ्या फ्रेमलाही टिकली लावली, हार घातला, वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या हातात दिली. चित्रात टोपीवाला, पन्नाशीचा माणूस, डोळे अर्धवट मिटलेले. हात आपोआप गेला.

त्याने ती फ्रेम घरी जाऊन ओट्यावर चार माणसांत उघडली.

मंगळवारी कुणीच आलं नाही. दुपारी हिने फोन लावला तेव्हा कळलं. शेतकऱ्याच्या बायकोने गाव डोक्यावर घेतलं होतं. रक्त काय दिलं आणि आठ दिवसांत नवऱ्याच्या तसबिरीला हार चढला! भावकीतल्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांना घरातच अडवलं. ज्या त्या घरात एकच वाक्य: त्या रक्ताच्या भानगडीत पडू नका.

ती दुकानात आली तेव्हा मी तोंड लपवायला जागा शोधत होतो. वाटलं, आता ही रडेल, ओरडेल. मला तेच बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीनं वडनेरले जाऊ काका. तुमाले यावंच लागन."

गेलो. एसटीतून उतरून विचारत विचारत घर गाठलं. शेतकरी शेतात गेला होता. बायको ओट्यावर डाळ पाखडत बसली होती. आम्ही कोण ते कळताच सूप बाजूला ठेवून ती उठलीच.

"माह्या डोळ्यांदेखत माह्या माणसाले मारलं तुमी!"

"बाई, चूक माही हाये," मी हात जोडले. "सवयीनं हात गेला."

"सवय? लोकाले मारून टाकाची सवय हाये तुमाले?"

दहा-बारा माणसं जमली. फ्रेम त्यांनी गोठ्यात उलटी करून ठेवली होती, घरात ठेवायची हिंमत नव्हती. बाई बोलत होत्या आणि मी जमिनीकडे पाहत ऐकत होतो. चुकलेल्याने ऐकून घ्यावं, एवढी अक्कल मला आहे.

ही पोर मात्र ओट्याच्या पायरीवर बसली, पिशवीतून कोरा कागद काढला आणि बाई श्वास घेण्यापुरत्या जरा थांबल्या तेवढ्यात विचारलं, "काकू, काका हसते तवा कसे दिसते?"

"तुले काय कराचं हाये त्याचं?"

"मी त्याहीले सुई टोचतानाच पाह्यलं. हसताना नाई पाह्यलं."

"तो काय हसते! वर्षातून एखांदा हसते," बाई फणकारल्या. मग थोड्या थांबून म्हणाल्या, "हसला का डावा डोळा आधी मिटते त्याचा."

हिने कागदावर रेघा ओढल्या. बाईंनी मान उंच करून पाहिलं. "नाई नाई, गाल येवढे भरेल नाई. अन् दातात फट हाये पुढच्या." हिने खोडलं, पुन्हा काढलं. आता शेजारीणही वाकली. "मिशी कापेल हाये त्याची, आता नाई राह्यली तेवढी." कुणी कान मोठा करायला सांगितलं, कुणी कपाळावरची आठी. बाई कधी पायरीवर हिच्या शेजारी येऊन टेकल्या ते मला दिसलं नाही. सुपातली डाळ कोंबड्या खात होत्या आणि कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. मी उभा राहून पाहत होतो. ज्या माणसाला हिने एकदाच आणि तेही घाबरलेलं पाहिलं होतं, तो त्याच्या बायकोच्या शब्दांतून कागदावर हसायला लागला होता. असं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात शेतकरी मोटरसायकलवरून आला. दारात गर्दी पाहून बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. "काय झालं बे?" करत तो गर्दीतून आत घुसला आणि त्याला कागद दिसला. आधी त्याचा डावा डोळा मिटला, मग तो हसला, पुढच्या दातांतल्या फटीसकट. सगळा ओटा हसला. बाईंनी पदर तोंडाला लावला.

"अवो, खोटं मरण आलं का माणसाचं आयुष्य वाढते," गर्दीतली एक म्हातारी म्हणाली. "काऊन बोंबलून राह्यली मंग?"

हे बाईंना माहीत नव्हतं असं नाही. आपल्याकडे कुणाला माहीत नाही? पण आधी राग उतरावा लागतो, मग असल्या गोष्टी आठवतात. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि पोरीला विचारलं, "कोणाचं हाये ते लेकरू?"

"आमच्या बाजूचं. सात वर्षाचं हाये."

"अन् नाई भेटलं रक्त तर?"

"मंग तो झोपूनच राहते. जेवत नाई. मंग..." इतक्या महिन्यांत मी तिला पहिल्यांदाच अडखळताना पाहिलं.

गुरुवारी सकाळी दवाखान्यासमोर एक काळीपिवळी जीप थांबली. त्यातून सात माणसं उतरली आणि सगळ्यांच्या पुढे बाई. पहिलं रक्त माझं घ्या, असा त्यांचा हट्ट. पेढीतल्या ताईंनी बोटाला टोचून तपासलं आणि सांगितलं की तुमचंच रक्त कमी आहे, घेता येणार नाही. बाईंचा केवढा अपमान झाला म्हणून सांगू! "येवढ्या दुरून बलावता अन् माघारी पाठवता?" ताईंनी हातावर लोहाच्या गोळ्या ठेवल्या. मग बाई दारातच खुर्ची टाकून बसल्या आणि आपल्या दिरा-पुतण्यांवर अशी नजर ठेवली की एकालाही लघवीचं निमित्त काढून सटकता आलं नाही. प्रत्येक जण आडवा झाला, प्रत्येकाचं चित्र निघालं.

शेवटचा उठला तेव्हा बाईंचं लक्ष माझ्याकडे गेलं. "तुमी काऊन उभे?"

मी पोरीकडे पाहिलं. ती पेन्सिलीला टोक करत होती. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. तेच मला लागलं. मी चपला काढल्या आणि पलंगावर जाऊन पडलो.

"काका, माह्याकडे पाहा," ती म्हणाली.

पाहिलं. आणि ती माझ्याकडे पाहायला लागली. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. लग्नात पाहिलं असेल मला कुणी, आईने पाहिलं असेल, आठवत नाही. पण कुणी काही न मागता, काही न बोलता, माझ्या चेहऱ्यावर इतका वेळ थांबलेलं मला आठवत नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सुईमुळे आलं असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. सुई कधी टोचली ते मला आजही सांगता येणार नाही.

त्या दिवशीच्या पिशव्यांतल्या दोन पोराच्या गटाच्या निघाल्या, आणि शुक्रवारी त्याला रक्त चढलं.

रविवारी दुपारी ती त्याला घेऊन दुकानात आली. तिच्या हातात एक जाड वही होती, मी आधी कधी न पाहिलेली. तिने ती माझ्यापुढे उघडली. पानापानावर तेच पोरगं. तीन आठवड्यांनी एक पान, तीन आठवड्यांनी एक पान. पहिल्या पानावर दुधाचे दात, मग ते पडलेले, मग नवे फुटलेले. प्रत्येक पानावर गाल भरलेले, डोळे टवटवीत.

"हे चित्र लोकाले दाखवलं असतं तर किती लोक आले असते," मी म्हणालो. "आजारी असतानाचं तर आणखीनच."

"आजारी असताना मी त्याले काढतच नाई काका," ती म्हणाली. "रक्त चढल्यावरच काढते. तो असाच हाये. मंधातले दिवस त्याचे नाईत."

तिने शेवटचं पान काढलं. ते कोरं होतं, वर आठवड्यापूर्वीची तारीख घालून ठेवलेली. ती खोडून तिने आजची घातली आणि पोराला स्टुलावर बसवलं.

"हालू नोको."

तो हलला. तिने कपाळ काढलं, केस काढले, एक डोळा काढला. तोपर्यंत त्याने माझ्या पट्ट्यांचा ढीग पाडला होता, फेविकॉलचं झाकण उघडलं होतं आणि काच कशी कापता म्हणून मला तीनदा विचारलं होतं. तिने दोनदा धरून बसवलं. तिसऱ्यांदा बाहेर कुल्फीवाल्याची घंटा वाजली आणि तो स्टूल पाडून पळाला, रस्त्याच्या कडेने, कोपऱ्यापर्यंत, न थांबता.

ती दारात जाऊन तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिली. मग आत आली, एका डोळ्याच्या त्या चित्राखाली आपली सही केली आणि वही मिटली.

"अर्धंच राह्यलं व," मी म्हणालो.

"झालं काका," ती म्हणाली. "पूर्ण झालं."