परसात कोण येतंय

शिमग्यानंतरच्या रविवारी मी सांगलीहून कोरेगावला आईकडे गेलो आणि मागचं दार उघडताच थबकलो. न्हाणीपासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंतची अर्धीअधिक जागा खणलेली होती. नुसती वरवर उकरलेली नव्हे. चांगली खोलवर उलथलेली, ढेकळं उन्हात तापत पडलेली. वडील गेल्यापासून तिथं हरळी आणि काँग्रेस गवताशिवाय काही उगवलं नव्हतं.

"आई, हे कुणी खणलं?"

"मीच," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "दुसरं कोन करनार?"

दिवाळीच्या सुमारास तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. म्हणून तर भाकरीसुद्धा ती ओट्याशी उभी राहून करत होती. या बाईनं एवढी जमीन खणली हे मी कसं खरं मानणार? मी परत मागं गेलो. भिंतीकडच्या ओलसर मातीत बुटांचे ठसे होते. मोठे, जाड तळव्याचे, पुरुषाचे. मोरीत चहाचे दोन कप विसळायला पडले होते आणि मला तर तिनं अजून चहा दिला नव्हता.

जेवताना मी पुन्हा विषय काढला.

"गडी लावलास का?"

"न्हाई."

"मग कोण येतं इथं?"

"कोन न्हाई येत. गप जेव."

ती माझ्याकडे न बघता बोलली. आई काही लपवताना ताटाकडे बघते, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

शेजारी चाचांचं घर आणि त्याला लागूनच त्यांचं वेल्डिंगचं दुकान. दारं-खिडक्यांच्या जाळ्या करतात. मी जन्मलो तेव्हापासून दोन्ही घरांत येणंजाणं. संध्याकाळी निघताना मी त्यांना गाठलं.

"चाचा, आईकडं कुणी येतं का हो? परसात कामाला वगैरे?"

चाचांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. "मी दिवसभर मशीनीवर असतो. मला काय दिसनार? आईलाच इचार की."

चाचांना गल्लीत कुणाकडे कुठला पाहुणा आला हेही ठाऊक असतं. त्यांना शेजारचं परस दिसत नाही? परतीच्या वाटेवर कराडला चहाला थांबलो आणि पुण्याला बहिणीला फोन लावला. ती माझ्यापेक्षा चार पावलं पुढं गेली. "हल्ली एकट्या बायकांशी गोड बोलून घरात शिरतात रे. तिनं कुठं सही-बिही केली नाही ना, बघ."

तो आठवडा माझं कामात लक्ष नव्हतं. रोज फोनवर आवाजाच्या मागं कुणी बोलतंय का, ते ऐकत होतो. एकदा तर खोकला ऐकू आला असं वाटलं. शेवटी शनिवारी न सांगता गेलो. आई मला बघून दचकली. आनंद झाला नाही असं नाही, पण आधी दचकली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना धप्प, धप्प अशा आवाजानं जाग आली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. धुरकट उजेडात एक माणूस पाठमोरा उभा. अंगात खाकी जर्सी, डोक्याला माकडटोपी, पायात मोठे बूट. मी दाराचा अडसर उचलला आणि बाहेर आलो.

"कोण रं तिकडं?"

माणूस वळला. आई होती.

फौजेतून आणलेले वडिलांचे बूट तिनं आत फडकी कोंबून घातले होते. हातात अरुंद पात्याची कुदळ, तिला लोखंडी नळीचा लांब दांडा जोडलेला. वाकावं लागणार नाही इतका लांब.

"अडसर ठेव खाली," ती म्हणाली. "आईला मारतोस व्हय?"

"अगं पण डॉक्टरनं..."

"डॉक्टरनं बसू नको म्हटलंय. उभं ऱ्हाऊ नको म्हटलंय का? चालायला सांगितलंय त्यानं. मी चालती आन मधी मधी घाव घालती."

"आणि दोन कप?"

"एक कामाच्या आदी, एक कामानंतर. माझ्या घरात मी दोनदा च्या पिऊ नको?"

दांडा चाचांनी जोडून दिला होता आणि कुणाला सांगणार नाही असं कबूलही केलं होतं. मी पायरीवर बसलो. मीच खणलं हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं; पण कशासाठी खणलं आणि दांड्याचं एवढं गुपित कशाला, हे मला अजून कळत नव्हतं.

"संक्रांतीला आलावतास तवा तू टेप लावून हितं मोजत हुतास," ती म्हणाली. "आन गच्चीवर जाऊन भैनीशी बोलत हुतास. ब्लॉक बसवू, गाडी आत येईल. मला ऐकू येतं अजून. मी म्हटलं, वाफं करून ठिवते. पेरलेल्या वाफ्यावर कसा ब्लॉक घालतोय ते बघू."

म्हणजे मी तिच्या परसात कोण येतंय याचा माग काढत होतो आणि ती संक्रांतीपासून माझ्यावर नजर ठेवून होती. मला हसूही आलं आणि लागलंही. ब्लॉकवाल्याशी माझं खरोखरच बोलणं झालं होतं. त्याला मी तिथूनच, तिच्यासमोर फोन करून नको म्हणून सांगितलं. फोन उचलायला तो तयार नव्हता इतकी सकाळ होती. दोनदा लावावा लागला.

"खरंच त्याच्याशी बोललास का नुसतंच कानाला लावलंवतंस?" आईनं विचारलं.

पुढच्या खेपेला माणदेशातल्या एका मेंढपाळाकडून लेंडीखताची पोती आणली. तिनं मूठभर हातात घेऊन चुरडलं, हुंगलं. "माती मिसळलीया का बघ ह्यात," म्हणाली, पण वाफ्यात पसरू दिलं. मी पसरलं, तिनं बुटांनी सारखं केलं. पाडव्याला दोडका, गवार आणि भेंडी लावली. बिया तिनं मला हात लावू दिल्या नाहीत.

दोडका उगवल्याचं तिनं फोनवर सांगितलं. फोटो पाठव म्हटलं, तर म्हणाली, "येऊन बघ. सांगून ये म्हंजे झालं."