आलेखातले दोन बैल

हैदराबादच्या आमच्या बाइंडिंगच्या दुकानात सध्या सरकारी अहवालाचे कागद घडीला आलेत. एका पानावर दोन रेघा आहेत. देशातल्या पिकांची वर चढते, बैलांची खाली उतरते. सातवीत शाळा सोडलेल्या मलाही तेवढं कळतं.

"बैल घटले तरी धान्य वाढलं. बरंच झालं की रे," मास्तर म्हणाले. परमुलखात मला हाताशी धरून काम शिकवणारा हा माणूस, म्हणून मी नुसती मान हलवली.

मी इकडे आल्यावर आमची जोडी विकली गेली. वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, एकट्याच्याने वैरणपाणी होईना. पुढे सरकारचा जनावरं मोजणारा आला, तेव्हा "रानात गेलेत" असं सांगून दादांनी दोन बैल लिहायला लावले. फोनवर त्यांनी हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं.

"दादा, गोठा तर रिकामा आहे."

"तू आलास की आणायचेच आहेत. आत्ता लिहिले तर काय बिघडलं?"

मी परत येणार नाही, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मी "बरं" म्हणालो.

आता घडी दाबताना बोट त्या उतरत्या रेघेवर येतं आणि लाज वाटते. ती आणखी दोन बैलांनी खाली हवी. देशाला हा फरक कळणारही नाही. दादा मात्र, आई सांगते, अजून रोज सकाळी गव्हाण झाडतात.