हॅलोमावशीची प्रॉक्सी

रंगाच्या कारखान्यात टेलिफोनच्या टेबलावर अख्खी नोकरी काढलेल्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? हॅलोमावशीच. ती निवृत्त झाली, पण नाव काही निवृत्त झालं नाही. कारखान्याच्या फाटकासमोर, शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. खिडकीतून फाटक दिसायचं आणि पाळी सुटली की निम्म्या बायका वर मान करून हात हलवायच्या. मावशीला एका गोष्टीचा फार अभिमान होता. इतक्या वर्षांत हजारोंचे फोन तिच्या बोटांखालून गेले, पण कुणाचा शब्द तिच्या तोंडून बाहेर पडला नाही. लेक चेष्टेत म्हणायची, आमच्या आईच्या पोटात विहीर आहे, दगड टाकला तरी आवाज येत नाही.

कंपनीने एकदा इंटरनेटवर सूचनापेटी काढली. काही सांगायचं असेल तर त्या पानावर लिहा, नाव देण्याची गरज नाही, असं फाटकावरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. रंगखात्यातल्या एका उंच बाईने ते खरं मानलं. सगळे तिला शिडी म्हणत. तिने घरी बसून लिहिलं की वाफ ओढणारा पंखा बंद पडलाय, हातमोजे आठवडाभरात फाटतात, बायकांच्या हातांची सालं निघतायत. थोड्याच दिवसांत तिला ऑफिसात बोलावलं आणि तिथून थेट पलीकडच्या गोदामात पाठवलं. पोती मोजायला.

नाव तर तिने लिहिलंच नव्हतं. मग कळलं कसं? हे मावशीला तिच्या जावयाने उलगडून सांगितलं. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. कामगारांच्या वसाहतीतलं इंटरनेट कंपनीचंच, प्रत्येक घराच्या जोडणीला एक नंबर, आणि तुम्ही कुठलंही पान उघडलं की तो नंबर त्या पानाच्या मालकाला दिसतो. शिडीने नाव झाकलं, पण घराचा नंबर पाठीला चिकटूनच गेला.

मावशीचं डोकंच तडकलं. फोनवर सांगितलेलं कुणी असं उघडं पाडलं असतं तर तिने स्वतःच्या हाताने राजीनामा दिला असता. दोन दिवस तिने जावयाचा पिच्छा सोडला नाही. मधे कुणी बसवता येत नाही का, तिने विचारलं. मी बसायची तसं. पलीकडच्याला माझा आवाज ऐकू यायचा, फोन करणारा कोण ते मी सांगेन तेव्हाच कळायचं.

"येतं की, आई," जावई म्हणाला. "त्यालाच प्रॉक्सी म्हणतात. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये तिचा पत्ता भरायचा. मग आपण आधी तिच्याकडे जातो आणि ती आपल्यासाठी पुढचं पान मागते. पानवाल्याला तिचा नंबर दिसतो, आपला नाही."

"मग घाला ना सगळ्यांच्या मोबाइलमध्ये."

जावई डोकं खाजवायला लागला. फुकटच्या प्रॉक्सी बाजारात ढिगाने आहेत, पण मधे बसलेला माणूस कोण, काय वाचतो, कुणाला विकतो, हे देवालाच ठाऊक. चोराच्या हाती किल्ली दिल्यासारखं व्हायचं. मधला माणूस विश्वासाचा हवा.

"मग मी आहे की," मावशी म्हणाली. "माझी नोकरी कोण काढून घेणार आता?"

जावयाने दुकानातला एक जुना कॉम्प्युटर आणून मावशीच्या शिवणयंत्राशेजारी मांडला. तिच्या घरचं इंटरनेट दुसऱ्या कंपनीचं होतं, तेही बरंच झालं. कोण आलं, कुठे गेलं याची नोंद त्याने मुळातच बंद ठेवली. वसाहतीतून मावशीपर्यंतची वाट झाकलेली, मधे कुणाला काही वाचता येऊ नये अशी. त्यामुळे कारखान्याला फार तर इतकंच दिसणार होतं की अमकं घर मावशीकडे गेलं. पण तेवढ्यानेही संशय यायचा, म्हणून युक्ती मावशीने काढली. तक्रारीपुरतं येऊ नका, तिने बायकांना सांगितलं, रोजच या. गाणी ऐका, स्वेटरचे नमुने बघा, पोरांच्या परीक्षेचे निकाल बघा, सगळं माझ्यामार्फत. गर्दीत कोण कशाला आलं ते कुणाला कळत नाही.

आणि आल्या. एकीने दुसरीला सेटिंग दाखवलं, तिने जावेला, जावेने सासूला. बघता बघता निम्मी वसाहत हॅलोमावशीच्या खोलीतून जगात जायला लागली. सूचनापेटीत मग रंगखात्यावर लिहिलेलं येत राहिलं, सोललेल्या हातांचे फोटोही आले, आणि प्रत्येकाच्या पाठीवर एकच नंबर.

नंबर कुणाचा, हे शोधायला लागलंच नाही. मावशी स्वतःच फाटकावर सगळ्यांना सांगत होती. एका दुपारी मोठे साहेब जिना चढून आले. धापा टाकत होते. मावशीने त्यांना खुर्ची दिली, चहा ठेवला. साहेब आधी तब्येतीचं बोलले, मग जावयाच्या दुकानाकडे वळले. ऑफिसातल्या मशीनच्या दुरुस्तीचं काम त्याच्याकडेच होतं, ते तसंच राहावं अशी त्यांची इच्छा होती. फक्त कुणी काय लिहिलं तेवढं कळायला हवं होतं.

"मला माहीत नाही, साहेब. मी जोडून देते, ऐकत नाही."

"ते मशीन सांगेल ना?"

"त्यालाही ठेवायची सवय लावली नाही." मावशीने कप त्यांच्या हातात दिला. "तुम्ही नवे होतात तेव्हा रोज संध्याकाळी एक फोन लावून मागायचात. कुणाला, ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. तुम्हालाही नाही सांगणार."

साहेबांनी कपात पाहिलं. त्यांच्या ओठावर हसू येता येता राहिलं. चहा संपवून ते उठले आणि जिन्याच्या कठड्याला धरून सावकाश उतरले.

दुरुस्तीचं काम गेलं. मावशीला त्याची रात्रंदिवस टोचणी लागली, पण जावई म्हणाला, आई, आता माघार घेतलीत तर दुकानाची पाटी मीच उतरवीन. त्यावर वसाहतीतल्या बायकांनी घराघरांतले बिघडलेले मोबाइल, पंखे, मिक्सर त्याच्या दुकानात नेऊन टाकायला सुरुवात केली. मिक्सर दुरुस्त करायला तो तेव्हाच शिकला.

रंगखात्यातला पंखा महिनाभरात फिरायला लागला. कुणा एकीला गोदामात पाठवून भागणार नव्हतं. सगळ्यांना पाठवलं असतं तर रंग कुणी कालवला असता? कोपरापर्यंतचे जाड हातमोजे आले. साहेबांनी मीटिंगमध्ये आपण होऊन पेटीतले फोटो संचालकांपुढे ठेवले, असं ऑफिसातला शिपाई सांगत होता. शिडी परत आपल्या जागी आली. त्या दिवशी पाळी सुटल्यावर ती जिना चढून वर आली, नवे मोजे मावशीच्या हातात चढवले आणि दोघी किती तरी वेळ हसत बसल्या.

पुढच्या आठवड्यात मावशीला स्वतःला पेटीत काही लिहावंसं वाटलं. फाटकाजवळचा दिवा कधीचा बंद होता आणि संध्याकाळची पाळी अंधारात ठेचकाळत निघायची. जावयाने विचारलं, प्रॉक्सीतून पाठवू ना?

"नको," मावशी म्हणाली. "सरळ पाठवा. आणि खाली माझं नाव घाला, पूर्ण. हॅलोमावशी नव्हे, आईबापांनी ठेवलेलं."

जावयाने टाइप केलं. मावशीने चष्मा लावून एक-एक अक्षर तपासलं, आडनावातली वेलांटी दुरुस्त करायला लावली आणि मग पाठवायचं बटण स्वतः दाबलं.