पोरगा बरा हाय, असं मीच सांगायचो

"सिव्हिअर डिप्रेशन," डॉक्टर म्हणाले. म्हणजे उदासपणाचा मोठा आजार. मन नुसतं दुखत नाय, बधिर पडतं. दाताला इंजेक्शन दिल्यावर ओठ पडतो ना, तसं.

मी खाटेवर, हाताला सलाईन. बाबा पायाशी उभे, टोपी हातात. मी एसटीच्या कंडक्टरच्या आवाजात म्हणालो, "चला, डिप्रेशनवाले पुढं सरका, मागं जागा करा!" नर्स फिस्सकन हसली. डॉक्टर हसले नाय. बाबाही नाय.

त्याच्या आधी मी काय करायला गेलो होतो ते लिहीत नाय. वाचून कुणाचं भलं होणार नाय. वाचलो, एवढं पुरे.

आमचं गाव कुडपण, पोलादपूरच्या वर डोंगरात. घरी शेती आणि गुरं. मी बिरवाडीला खोली घेऊन राहतो, कंपनीत ट्रेनी हाय. शाळेपासून लोकांचे आवाज काढतो. हेडसर, सरपंच, म्हशींचा व्यापारी, कुणालाच सोडलं नाय. गावात ठरलेलंच, नित्या आवाज काढतोय म्हणजे नित्या मजेत.

सुरुवात कधी झाली ते नक्की सांगता येत नाय. कामावरून आलो की भिंतीकडं तोंड करून पडायचो. मित्राच्या हळदीला सरपंचांचं भाषण करून दाखवलं. मांडवातली माणसं पोट धरून हसली आणि मी आतून बंद टीव्ही. दुःख झालं असतं तर कुणाला तरी सांगितलं असतं. काहीच होत नाय, ही तक्रार घेऊन कुठं जायचं?

दवाखान्यात मला एकटं सोडायचं नाय अशी ऑर्डर होती. बाथरूमला गेलो तरी बाबा दाराबाहेर. "कडी लावू नको रे," एवढंच म्हणायचे. दिवसभरात तेवढंच बोलणं.

सोडताना डॉक्टरांनी समजावलं. गोळ्या लगेच काम करत नाय, काही आठवडे जातात. आपल्या मनानं बंद करायच्या नाय. आणि फॉलोअप. म्हणजे घरी गेल्यावरही दवाखान्यानं तुमच्यावर लक्ष ठेवायचं. "घरी गेल्यानंतरचे पहिले दिवस सगळ्यात जपायचे असतात," ते म्हणाले. समुपदेशनाच्या मॅडम बाबांना फोन करून माझी चौकशी करणार होत्या.

काउंटरवर बाबांचा नंबर विचारला.

"आमच्या घरात रेंज नाय हो," बाबा म्हणाले. "माझा लागायचा नाय. ह्याचाच लिवा. हा सांगल मला."

त्या माणसानं वडिलांच्या नावापुढं माझा नंबर लिहिला. कुणाला काही वावगं वाटलं नाय. आमच्याकडं गॅस, बँक, सगळं पोराच्याच नंबरावर असतं.

थोडे दिवस घरी राहून मी बिरवाडीला परत आलो. पहिला फोन आला. "नितेशचे वडील बोलताय ना?"

मी काही ठरवलं नव्हतं. आधी बाबांचा खोकला निघाला, मग आवाज. "हां, बोला मॅडम. पोरगा बरा हाय. जेवतो. गोळ्या घेतो."

गोळ्या मी बंद केल्या होत्या.

पुढचा फोनही तसाच पार पडला. बाबांचा आवाज एकदम झकास जमला होता. हसू मात्र आलं नाय. त्यानंतर मन परत त्याच जागी जायला लागलं, जिथनं मला दवाखान्यात नेलं होतं. घाबरायला पण होत नव्हतं.

अशातच एका दुपारी परत फोन. मी बाबांच्या आवाजात "बरा हाय, जेवतो" सुरू केलं. मॅडम म्हणाल्या, "ते कळलं काका. तुम्ही कसे आहात? तुम्हाला झोप लागते का?"

हे कुणी बाबांना विचारेल असं मला वाटलंच नव्हतं. बाबांना झोप लागते का? मला काय माहीत. बाथरूमच्या दाराबाहेर उभे असलेले बाबा डोळ्यांपुढं आले.

"नाय लागत," मी म्हणालो. आवाज बाबांचाच. "पोरगा परत काय करील काय, वाटतं."

"तो आत्ता कुठं आहे? जवळ कोण आहे त्याच्या?"

"कोण नाय." तिथं आवाज फाटला, माझाच बाहेर आला. "मॅडम, मीच बोलतोय. नितेश."

मला वाटलं, आता झापतील. त्या म्हणाल्या, "बरं झालं फोन उचललास. जीव द्यायचं मनात येतंय का?"

असं सरळ मला कुणीच विचारलं नव्हतं. "येतंय," मी म्हणालो. खोलीवर एकटाच हाय, घरमालकीण काकू शेजारी हायत, तेही सांगितलं.

"फोन ठेवू नकोस. चालत चालत घरमालकिणीकडं जा."

काकू ओट्यावर कोलंबी सोलत होत्या. माझा फोन कानाला लावून मॅडमचं ऐकलं, हात न धुताच माझं मनगट धरलं. "चल रे मेल्या, रिक्षात बस." महाडच्या दवाखान्यापर्यंत कोलंबीच्या हातानं धरून बसल्या होत्या. मला वास येत होता, बाकी काही नाय.

गावात चुलत्यांच्या घरी फोन लागला, तसे बाबा दुसऱ्या दिवशी पोचले. मॅडमनी त्यांना सगळं सांगितलं. बाबांनी टोपी काढली. मग म्हणाले, "माझा आवाज जमतो व्हय तुला?" आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून तसाच ठेवला.

आता काकूंचा नंबर लिहिलाय, आणि गावात ज्यांच्या घरात रेंज येते त्या चुलत्यांचा. मॅडम आता प्रत्येक पोराच्या घरच्यांना विचारतात, "हा फोन कुणाच्या खिशात असतो?" तुमच्या घरात असं आजारी कुणी असेल तर हे तुम्हीच आधी विचारा. आणि तो हसवतोय म्हणून सोडून देऊ नका. आणि तो पोरगा तुम्हीच असाल, तर मॅडमसारखं कुणी सरळ विचारलं की सरळ सांगा. तेवढ्यानं मी वाचलो.

गोळ्या चालू हायत. बराचसा अजून बधिरच हाय. कुणी विचारलं तर तसंच सांगतो.

परवा जेवताना मी काकूंना म्हणालो, "कालवण खारट झालंय." माझ्या आवाजात, चिडून. मलाच नवल वाटलं. काकू कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या, मग फोन लावला.

"मॅडम, तुमचं हे पोरगं माझ्या कालवणाला नावं ठेवायला लागलंय!"

मॅडम मोठ्यानं हसल्याचं मला इकडं ऐकू आलं. मग त्या काय म्हणाल्या कुणास ठाऊक, काकूंनी माझ्या ताटात अजून एक वाटी ओतली.

मी खाल्लं. खारटच होतं.