आत्याचा दणकट धागा

माझ्या आत्याचा जन्म मासेमारीची जाळी शिवण्यात गेला. तिला त्याचा भारी तोरा. भाजी करपली तर ती हसून कबूल करायची, पण शिवण कच्ची म्हणा, लगेच पारा चढायचा.

वटवाघळांची मोजणी करणाऱ्या ऑफिसने तिला कामावर ठेवलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. लव्हाळ्याच्या तळ्याकाठी बांबूंना अगदी बारीक धाग्याचं जाळं बांधायचं, तिन्हीसांजेला अडकलेली वटवाघळं ऑफिसच्या मॅडमनी जात लिहून सोडून द्यायची, आणि वटवाघळांनी कुरतडून पाडलेली भोकं आत्याने सकाळी शिवायची. ऑफिसचा धागा तिला पटेना. "शिंकलं तरी तुटेल हा!" म्हणत तिने घरचा दणकट धागा वापरला, तोही दुहेरी. विचारलं मात्र कुणालाच नाही.

वर्षभरात जाळ्यात सापडणाऱ्या अकरा जातींच्या दोन झाल्या. वटवाघळं तळं सोडून गेली, तेव्हा ते संरक्षित जागांच्या यादीतून काढावं, असा अहवाल मॅडमनी लिहायला घेतला. यादीतून निघालं की तिथे भराव पडणार, हे ऑफिसच्या शिपायालाही ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात आत्याने एका तिन्हीसांजेला तळ्यावर पाहिलं, वटवाघळं नेमकी तिच्या शिवणीपाशी येऊन वळत होती.

"अंधारात यांना कळतं कसं हो, मॅडम?"

"आवाज सोडतात आणि तो परत आला की ओळखतात. बारीक धागा कळत नाही, जाड लगेच कळतो."

त्या रात्री आत्या जेवली नाही. मला सगळं सांगितलं. मी म्हटलं, "गप्प बस, नोकरी जाईल." त्याची मला आजही लाज वाटते.

सकाळी तिने मॅडमच्या टेबलावर जाळं पसरलं, थेट अहवालावरच. "वटवाघळं कुठेही गेली नाहीत. माझ्या धाग्याला बिचकतात."

मॅडम लालबुंद झाल्या. वर्षाची मेहनत पाण्यात! मग कात्री पुढे सरकवून म्हणाल्या, "कापा."

आत्याने आपली एकूण एक शिवण कापली. संध्याकाळी मीही मुद्दाम गेले. त्या फाटक्या जाळ्याच्या उरलेल्या धाग्यांत तासाभरात सात जाती अडकल्या.

"आता काढणार का तळं यादीतून?" आत्याने विचारलं.

"नाही."

"मग उद्यापासून मी घरी बसले तरी चालेल," ती म्हणाली आणि चप्पल शोधू लागली.